अमानतीचा अनंत

आमचे परभणीचे घरमालक रोज सकाळी शेरवानी घालून झाडाला पाणी घालायचे. हे मी सांगते तेव्हा माझ्या सुना एकमेकींकडे बघतात आणि म्हातारी मीठमसाला लावते आहे असं ठरवून मोकळ्या होतात. पण मी ते दोन वर्षं रोज पाहिलेलं आहे. शेरवानी जुनी, कोपरावर विरलेली, गळ्याचं बटण गेलेलं. खाली धोतर, पाय अनवाणी, हातात पितळी तांब्या. रांजणापासून ओसरीपर्यंत दहा पावलं, आणि तेवढ्यासाठी शेरवानी. आम्ही नवीन बिऱ्हाड केलं तेव्हा मी त्यांच्या बायकोला न राहवून विचारलं, की अप्पा पाणी घालायला शेरवानी कशाला घालतेत? त्यांना सगळे अव्वा म्हणत. अव्वा ज्वारी निवडत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "सरकारी काम हाय ते, माय. उघड्या अंगानं कसं करावं?"

काळ निजामाचा. माझे यजमान परभणीच्या शाळेत मास्तर होते. अप्पांच्या अंगणाच्या एका अंगाला त्यांचं घर आणि समोरच्या अंगाला आमच्या दोन खोल्या. अप्पा मुन्सफाच्या अदालतीत पेशकार होते, म्हणजे मुन्सफसाहेबांपुढे खटल्यांच्या कागदांच्या मिसली मांडायच्या, हुकूम लिहून घ्यायचे, साक्षीदारांना पुकारायचं. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण अदालत काही त्यांच्या अंगातून गेली नव्हती. भाजीवाली एक सांगून दुसरं बोलली की ते म्हणत, "बाई, आधीच्या जबानीत तुमी येगळं सांगितलं होतं." ती बिचारी गोंधळून जाई. घरात मीठ संपलं तरी ते आधी विचारत, शेवटचं कुणी पाहिलं.

आणि ओसरीच्या कोपऱ्यात, जिथं सकाळचं ऊन येतं आणि दुपारचं येत नाही, तिथं एका मोठ्या मातीच्या कुंडीत ते झाड होतं. अनंताचं. कमरेइतकं उंच, पानं जाड, गर्द हिरवी, तेल लावल्यासारखी चकचकीत. मी चारठाण्याची. आमच्याकडं जुन्या देवळांच्या दगडांच्या फटींतून पिंपळ उगवतात, त्यांना कुणी पाणी घालत नाही की कुणी विचारत नाही. त्यामुळे एका झाडाचे एवढे लाड बघून मला पहिले काही महिने हसूच यायचं. मग चीड यायला लागली, कारण माझं रांगतं लेकरू त्या बाजूला वळलं की अप्पा आपल्या जागेवरून ओरडत, "मास्तरीणबाई, मुलजिम कुंडीकडं निघाला."

झाड त्यांचं नव्हतं. हेच तर सगळ्याचं मूळ. अप्पा नोकरीत असताना एक मुन्सफसाहेब परभणीला होते, त्यांच्या बेगमसाहिबांनी ते हैदराबादेहून आणलं होतं. साहेबांची बदली झाली. पुढचा रस्ता बैलगाडीचा, दिवस उन्हाळ्याचे. झाड तिथवर जिवंत पोचलं नसतं. बेगमसाहिबा पडद्यातल्या. त्या आतून बोलत आणि त्यांची म्हातारी दाई बाहेर येऊन सांगत असे. दाईनं येऊन सांगितलं, "बीबी बोल रए, ये झाड पेशकारसाहब के पास अमानत. वापस आए तो ले लेंगे." अप्पांनी मान लववून ती ठेव, ती अमानत, घेतली. ज्या बाईचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आवाजही धड ऐकला नव्हता, तिचं झाड ते अकरा वर्षं सांभाळत होते.

झाड कसं सांभाळायचं तेही दाईनं आत-बाहेर फेऱ्या मारून सांगितलं होतं आणि अप्पांनी एखाद्याची जबानी घ्यावी तसं ते कागदावर उतरवून घेतलं होतं. तो कागद त्यांच्या लाकडी पेटीत असे. विहिरीचं पाणी घालायचं नाही. काळी माती घालायची नाही. कळ्या आल्या की कुंडी जागची हलवायची नाही, नाहीतर कळ्या गळतात. पाणी बुडाशी घालायचं, पानांवर नाही. अप्पा कधीकधी मला तो कागद वाचून दाखवत आणि प्रत्येक कलमानंतर चष्म्यावरून माझ्याकडे बघत, समजलं का म्हणून.

परभणीत हे सोपं नव्हतं. आमची काळी माती कापसाला आणि ज्वारीला आईसारखी, पण अनंताला ती मानवत नाही. विहिरीचं पाणीही जड. डाळ शिजता शिजत नाही, घागरीला आतून पांढरा थर बसतो. म्हणून अप्पांनी बिदरहून लाल माती मागवली होती, कुणी त्या बाजूनं येणारा असला की त्याच्याबरोबर एक पिशवी. आणि पाणी पावसाचं. पाऊस लागला की अंगणात चार बांबू रोवून त्यांना धुतलेलं धोतर ताणून बांधायचं, मधे एक गोल दगड ठेवायचा म्हणजे तिथं खोलगट होऊन पाणी गळतं, आणि खाली घागर. घागरी भरल्या की रांजणात. दोन रांजण त्या पाण्याचे होते, तोंडाला फडकं बांधलेले. गावातली माणसं येता-जाता म्हणत, अप्पा, पावसाला धोतर कसलं दाखवताव? अप्पा भिजत उभे राहून दगड नीट मधोमध आहे की नाही ते बघत. उन्हाळ्यात विहीर तळाला जाऊन बायका दोन-दोन तास ताटकळत, तेव्हाही त्या रांजणाला कुणी हात लावायचा नाही. अव्वासुद्धा लावत नसत. मी एकदा लेकराची दुपटी धुवायला तांब्याभर मागितलं तर म्हणाले, "माझं असतं तर रांजण उचलून दिला असता."

हे त्यांचं नेहमीचं उत्तर. माझं असतं तर. आपल्या वस्तूंच्या बाबतीत ते बिलकूल काटेकोर नव्हते. स्वतःची छत्री तीनदा हरवून आले. आमचं भाडं थकलं तर विचारत नसत, उलट मीच लाजून विषय काढायची. पण झाडाच्या एका पानाला कुणी नख लावलं तर चौकशी. मी एकदा म्हटलं, अप्पा, सोताच्या छत्रीचं येवढं केलं असतं तर? ते म्हणाले, "आपलं हाय म्हनलं की मानूस हयगय करतो. ती आपल्याला माफ असती. दुसऱ्याच्यात कोन माफ करनार?"

ज्येष्ठ-आषाढात झाड फुलायचं. पांढरी शुभ्र, जाड पाकळ्यांची फुलं, तिसऱ्या दिवशी सायीसारखी पिवळसर होणारी. वास अंगणभर, रस्त्यापर्यंत. अप्पांचं घराणं महादेवाचं. रोज अंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन ते अर्धा तास पूजा करत, समोर बेल, तगर, पांढरी कण्हेर. आणि हातभर अंतरावर अनंत फुललेला. त्यातलं एक फूल त्यांनी कधी घेतलं नाही. फुलं झाडावर उमलायची, झाडावरच वाळायची. अव्वांना ते सहन होत नसे. "महादेव मागून घेत न्हाई म्हनून त्याला द्यायचंच न्हाई का?" त्या माझ्याजवळ कुरकुरत, पण अप्पांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. अप्पा डोळे मिटलेलेच ठेवून म्हणत, "चोरीचं फूल महादेव घेत न्हाई."

शेजारच्या किराणा दुकानदारानं एकदा त्यांची फिरकी घेतली. म्हणाला, "अप्पा, फुलाला तुमी हात लावू देत न्हाई, पन वास तर आमी फुकटच घ्यायलोत. लावा आमच्यावर दावा." दुसरा कुणी हसला असता. अप्पा दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्यांनी निकाल दिला, की जो वास आपण होऊन कुंडीच्या बाहेर गेला त्याच्यावर मालकिणीचा हक्क राहत नाही, पण कुंडीजवळ जाऊन, वाकून, मुद्दाम घेतलेला वास मात्र अमानतीत खयानत, म्हणजे ठेवीतली अफरातफर. दुकानदार पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगत होता. अप्पा स्वतः त्या दिवसांत कुंडीजवळून जाताना खरोखर मान वळवून जात. मी पाहिलेलं आहे.

एकदा गळून पडलेलं एक फूल नाहीसं झालं. अप्पांनी ओसरीवर बैठक घातली आणि आम्हा सगळ्यांना एकेक करून बोलावलं. मला विचारलं, सकाळी कुठं होता. माझ्या यजमानांना विचारलं. ते पेपर तपासत होते, तसेच उठून आले आणि शपथेवर सांगतो म्हणाले. त्यांना या सगळ्याची भारी गंमत वाटायची. शेवटी अव्वा पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मी घेतलं. खाली पडलं होतं, मी लिंगाला वाहिलं. काय फाशी द्यायची ती द्या." अप्पा म्हणाले, खाली पडलेलं फूलही धन्याचं. अव्वा फणकाऱ्यानं म्हणाल्या, "मग पाटवा की वाळवून तुमच्या बीबीला." आणि अप्पांनी ते खरं केलं. त्यानंतर गळालेली फुलं कागदात दाबून वाळवायची आणि वर्षातून दोनदा मुन्सफसाहेबांना जे पत्र जाई त्यात एक घालायचं असा शिरस्ताच पडला. ते पत्रही मला वाचून दाखवलं जाई. झाड ब-खैरियत, म्हणजे सुखरूप, आहे, इतकी पानं नवी आली, माघात थोडं सुकलं होतं, आता ठीक. उत्तर दोन-तीन वर्षांतून एखादं यायचं. अप्पा वाट बघत नसत, म्हणजे तसं दाखवत नसत.

असा हा माणूस. आता माझं सांगते.

त्या वर्षी माघात त्यांच्या बहिणीच्या घरी, राणीसावरगावला, लग्न निघालं. थोरला मामा म्हणून जाणं भागच होतं. दोघंही जाणार, दहा-बारा दिवसांसाठी. इतक्या वर्षांत अप्पा झाड सोडून एक रात्र बाहेर राहिले नव्हते. आदल्या दिवशी त्यांनी मला ओसरीवर बोलावलं, समोर कागद धरला आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, अमानत तुमच्या हवाली करायलोय." मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. "सकाळी, ऊन यायच्या आत. रांजनातले दोन तांबे. बुडाशी. दुसरं काही न्हाई." मी म्हटलं, बरं. ते म्हणाले, "पुन्ना सांगा." मी पुन्हा सांगितलं. गाडीत बसताना त्यांनी मागं वळून माझ्याकडे नाही, कुंडीकडे बघितलं.

आणि मी केलं हो सगळं नीट. सकाळी लेकरू उठायच्या आत उठून दोन तांबे. बुडाशी. शेरवानी तेवढी घातली नाही. पण थंडीचे दिवस होते, झाड मलूल दिसत होतं. खालची दोन-चार पानं फिकी पडली होती. दरवर्षी पडतात, अप्पांच्या पत्रातही तसं असे, पण त्या वेळी मला ते आठवलं नाही. मला वाटलं, माझ्या हातात आलं आणि झाड अशक्त झालं. आता अशक्त जिवाला काय द्यायचं ते मला एकच ठाऊक होतं. माझं लेकरू आठ महिन्यांचं झालं तरी बसत नव्हतं, तेव्हा चारठाण्याहून आईनं सांगून पाठवलं होतं, की चुन्याची निवळी दे. चुन्याचा खडा मातीच्या बोळक्यात पाण्यात टाकायचा, चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी दुधातून चमचाभर. लेकरू महिन्याभरात बसलं, दात आले, रांगायला लागलं. मग मी झाडालाही दिली. लेकराला चमचा, तर एवढ्या झाडाला तांब्याभर, असा माझा हिशोब. रोज दोन तांबे पावसाचं पाणी आणि एक तांब्या निवळी. आठ दिवस दिली. देताना मला फार बरं वाटत होतं. अप्पा आले की झाड बघून खूश होतील, मग मी सांगेन, असं मी ठरवलं होतं.

आठव्या दिवसापर्यंत पानं पिवळी झाली होती. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, लिंबाच्या सालीसारखा. मी घाबरून निवळी बंद केली, पण कशामुळे झालं हे तेव्हाही मला उमगलेलं नव्हतं.

अप्पा आले. शेरवानीची बटणं सोडत सोडत ओसरीवर चढले आणि तिथंच थांबले. खाली बसले. मातीवर पांढरट साय आली होती. त्यांनी चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली. जन्मभर पान खाल्लेला माणूस, त्यांना एवढं पुरे होतं. मग त्यांनी मान वर केली. समोर आमच्या दारात मी लेकराला मांडीवर घेऊन बसले होते आणि बाजूला ते बोळकं होतं. त्यांची नजर बोळक्यावर जाऊन परत कुंडीवर आली. त्याच घटकेला मला सगळं कळलं. आता बैठक बसणार, आता एकेकाला बोलावणार, असं मला वाटत होतं.

काही झालं नाही. अप्पांनी खुरपं आणलं आणि वरची माती खरवडून काढायला सुरुवात केली. अव्वा विचारत होत्या काय झालं, ते खरवडतच राहिले. दुसऱ्या दिवशी मी लेकराला निवळी दिली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बोळकं मी उतरंडीमागं लपवून ठेवलं. पाचव्या दिवशी अप्पा पाणी घालता घालता, माझ्याकडे पाठ करून, म्हणाले, "मास्तरीणबाई, लेकराची निवळी बंद करू नका. झाडाला सोसली न्हाई म्हनून लेकराला सोसत न्हाई असं न्हाई." आणि तांब्या घेऊन आत गेले. मी दाराला धरून रडले. मी त्यांना सांगायला तीन-चार वेळा ओसरीवर गेले, तर त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. मी दिसले की ते पावसापाण्याचं काढत, नाहीतर मास्तरांच्या शाळेचं. ज्यांनी एका गळालेल्या फुलासाठी तीन माणसांची जबानी घेतली त्यांनी यावेळी एकालाही प्रश्न विचारला नाही.

झाडाची पानं झडत राहिली. अप्पांनी सगळी माती बदलली, मुळं पावसाच्या पाण्यात धुतली, चिंचेचं पाणी घातलं, आंबट ताक पाजलं, दुपारी कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. चैत्र संपता संपता दोन फांद्यांच्या टोकाला मुगाएवढी हिरवी पानं दिसली. बाकीचं झाड काटक्यांसारखं. आणि त्याच सुमाराला पत्र आलं. मुन्सफसाहेबांची नोकरी संपली होती. औरंगाबादेहून ते कायमचे हैदराबादला निघाले होते. वाटेत परभणीला उतरून बेगमसाहिबा आपलं झाड घेऊन जाणार होत्या. अप्पांनी पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. अकरा वर्षं ते ज्या पत्राची वाट बघत होते ते हेच. मला म्हणाले, "या सालीच यायचं होतं."

वैशाखात त्या आल्या. साहेबांना प्रवासानं बरं नव्हतं, ते स्टेशनवरच थांबले होते. चादरी लावलेला टांगा आमच्या दाराशी उभा राहिला आणि बेगमसाहिबा एका म्हाताऱ्या नोकराचा हात धरून उतरल्या. माझी खोली रस्त्याच्या बाजूला, म्हणून अंगणाकडच्या दाराला पडदा सोडून त्यांना तिथंच बसवलं. अव्वाही येऊन बसल्या. मी कल्पनेत बेगमसाहिबा म्हणून कुणी भरजरी बाई रंगवली होती. त्या थकलेल्या, जाड, दम लागणाऱ्या होत्या. बुरख्याचा पडदा वर करून त्यांनी आधी माझ्या लेकराच्या गालाला हात लावला. नोकरानं कुंडी आणून उंबऱ्याच्या आत ठेवली आणि तो बाहेर गेला. त्या झाडाकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ये क्या हो गया इसको?"

आता दाई नव्हती, ती मागेच वारली होती. निरोप न्यायला मीच. मी बाहेर आले. अप्पा रांजणाजवळ भिंतीकडे तोंड करून उभे होते. शेरवानीला नवं बटण लावलेलं, हात बांधलेले, अदालतीत उभे राहावं तसे. मी म्हटलं, विचारायल्यात, काय झालं म्हनून. ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "सांगा, पेशकारानं चुन्याचं पानी घातलं. न समजता घातलं. गुन्हा कबूल हाय."

मी म्हटलं, "अप्पा..."

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "जबानी माझी चालू हाय. मधी बोलायचं न्हाई. सांगितलं तसंच सांगायचं."

मी आत आले. दहा पावलं असतील, तेवढ्यात मी ठरवलं होतं की खरं सांगून टाकायचं. बेगमसाहिबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. अव्वांनीही बघितलं. आणि मी म्हटलं, "पेशकारसाहब चुने का पानी डाले. उनकू समज्या नै." एवढंच. अव्वा एकदम खाली जमिनीकडे बघायला लागल्या. अप्पा मुद्दाम दोष स्वतःवर घेत आहेत तर आपण खरं सांगून त्यांना खोटं का पाडावं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावत आले. ते काही खरं नाही. मी भ्याले होते.

बेगमसाहिबांनी एक पिवळं पान तोडलं, बोटांत फिरवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रागावल्या नाहीत, खिन्न झाल्या, आणि ते मला जास्त लागलं. म्हणाल्या, "और किसी के पास रखती तो अच्छा होता. जाके बोलो उनको."

मी उंबऱ्याबाहेर आले. उन्हानं अंगण तापलं होतं, पाय भाजत होते, तरी माझ्यानं भरभर चालवेना. अप्पांनी या खेपेला मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांचं वय त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं.

"काय म्हनाल्या?"

"म्हनाल्या, अमानत पोचली."

"आनि?"

"आनि काही न्हाई."

त्यांनी डोळे मिटले. दाराचा पडदा पातळ होता आणि अंगण लहान. आतलं बोलणं त्यांनी ऐकलं होतं की नाही हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. "बस," ते म्हणाले, "येवढंच पाहिजे होतं." मग त्यांनी कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळलं, नोकराला हात न लावू देता स्वतः उचलून टांग्यात नेऊन ठेवली. रांजणात तळाला उरलेलं पावसाचं पाणी एका घागरीत ओतून तीही ठेवली, आणि पेटीतला तो जुना कागद नोकराच्या हातात देऊन त्याला प्रत्येक कलम वाचून दाखवलं. टांगा गेल्यावर ते आत गेले आणि शेरवानी काढून ठेवली.

झाड हैदराबादेत जगलं की वाटेतच गेलं, कधी कळलं नाही. अप्पांनी पत्र टाकलं नाही, तिकडूनही आलं नाही. पुढच्या वर्षी आमची बदली झाली. मग राज्यच बदललं, कोण कुठं गेलं त्याचा पत्ता लागला नाही. अप्पा गेल्याचं आम्हाला वर्षानंतर समजलं. माझ्या यजमानांनाही मी आतलं बोलणं सांगितलं नव्हतं.

मला एकाच गोष्टीचा फार त्रास होतो. निदान एवढं तरी मी त्या बाईंना सांगायला हवं होतं, की या माणसानं तुमच्या झाडाचं एक फूल आपल्या देवाला वाहिलं नाही, वास घेतला नाही, उन्हाळ्यात घोटभर पाणी कुणाला दिलं नाही. तेवढं सांगायला तर भ्यायचं कारण नव्हतं. तेही मी सांगितलं नाही. और किसी के पास रखती तो अच्छा होता, हे वाक्य माझ्यासाठी होतं, पत्ता चुकून ते अप्पांच्या नावानं निघालं होतं. ते मी वाटेतच ठेवून घेतलं आणि त्यांच्यापर्यंत जाऊ दिलं नाही. त्या घरात माझ्या हवाली झालेलं तेवढं एकच मी नीट सांभाळलं.